एक सावळाराम रुंदीचा बांध

सावळाराम भेरे किती उंच आहे हे त्याच्या बायकोला माहीत नव्हतं, पण सरकारला माहीत होतं. पाच फूट चार इंच.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत माती अडवायची, पाणी जिरवायची जी जी कामं झाली, त्यांच्या फोटोंमध्ये हा माणूस कुठे ना कुठे आहेच. डोंगराला चर खणला, तर चरात उभा. ओढ्याला बंधारा घातला, तर बंधाऱ्याला पाठ लावून उभा. शेततळं झालं, तर गळ्याएवढ्या पाण्यात उभा, तोंड कडू करून. कामाचं माप फोटोत कळावं म्हणून जवळ काहीतरी ठेवावं लागतं. बाकीच्या जिल्ह्यांत काठी ठेवत असतील, पट्टी ठेवत असतील. आपल्याकडे सावळाराम ठेवायचे.

या सगळ्याची सुरुवात त्याच्या आळसातून झाली असं महिपत म्हणतो. महिपत म्हणजे सावळारामचा सख्खा चुलतभाऊ. शेणव्याहून डोळखांबकडे जाताना डाव्या हाताला जी वाडी लागते, तिथे दोघांची घरं भिंतीला भिंत लावून आहेत आणि भाताची खाचरं बांधाला बांध लावून. वरचं खाचर महिपतचं, खालचं सावळारामचं. मधला बांध दोघांचा. आणि आपल्याकडे जे दोघांचं असतं ते कोणाचं असतं, हे वेगळं सांगायला नको.

तर तेव्हा वाडीत मजगीचं काम झालं होतं. मजगी म्हणजे उतार कापून पायऱ्या करायच्या, प्रत्येक पायरीचं खाचर करायचं आणि कडेला बांध घालायचा, म्हणजे माती पावसाबरोबर नदीला जात नाही. दोघांच्या बापांनी उन्हाळाभर त्यात घाम गाळला होता. मधला बांध तर असा रुंद झाला होता की त्यावरून बैलगाडी जायची आणि गाडीवानाला खाली बघायची गरज पडायची नाही. काम बघायला साहेब आले, बरोबर फोटोवाला आला. त्याने बांधावर फीत पसरली, पण फीत काही कॅमेऱ्यातून दिसेना. साहेब वैतागला. सावळाराम तेव्हा विशीतला, लग्न नाही, जबाबदारी नाही. भाकर खाऊन तोंडावर टॉवेल टाकून बांधावर आडवा पडला होता. डोकं बांधाच्या वरच्या कडेला, टाचा खालच्या कडेला. बोटभर इकडे नाही की बोटभर तिकडे नाही. फोटोवाल्याने बघितलं आणि साहेबाला हाक मारली. साहेब खूश. मग घरी नेऊन चौकटीपाशी उभा करून सावळारामला मोजला आणि कागदावर बांधाची रुंदी लिहिली.

झालं. साहेब बदलून गेले, पण तो फोटो बदलून गेला नाही. नवा साहेब आला की फाईल उघडायचा, फोटो बघायचा आणि विचारायचा, “हा माणूस कुठाय?” मग शिपाई वाडीत. मग सावळाराम जीपमध्ये. कसाऱ्याच्या डोंगरात चर झाले, न्या सावळारामला. मुरबाडकडे नाल्याला बांध झाला, न्या सावळारामला. एकदा तर भाताची लावणी अर्धी टाकून नेला, आणि महिपत बांधावर उभा राहून म्हणाला, “सरकारला लाकूड मिळत नसंल काय रे, की आमचंच ओंडकं लागतं?” महिपतला वाईट वाटायचं ते याचं, की उंचीने तोही साधारण तेवढाच होता, पण त्याला कोणी निजवलं नाही.

सावळारामचं लग्नही या धंद्यातूनच झालं. भागीरथीचं माहेर मुरबाड तालुक्यातलं. ती शेण्या वेचायला डोंगरावर गेली होती, तर नव्या चरात एक माणूस हातपाय लांब करून निपचित पडलेला. वर कोणी नाही, खाली कोणी नाही, कारण फोटोवाला आणि साहेब दुसऱ्या चराचं माप घ्यायला कडेपलीकडे गेले होते आणि याला सांगून गेले होते की आम्ही येईपर्यंत असाच राहा. सांगितलेलं काम सावळाराम मन लावून करतो, हा त्याचा गुण म्हणा की खोड म्हणा. पोरगी धावत घरी गेली आणि डोंगरावर मढं आहे म्हणून तिने गाव गोळा केला. पुढे दोन वर्षांनी त्याचं स्थळ आलं, तेव्हा तिने दाराआडून बघितलं आणि आईला म्हणाली, “हा तर मेलेला होता गो.” तिच्या बापाने विचारलं, पोरगा करतो काय? मध्यस्थाने छाती पुढे काढून सांगितलं, “पोरगा फोटोत असतो.” एवढ्यावर लग्न जमलं.

त्यांच्या लग्नात मात्र फोटोवाला नव्हता. भागीरथीने हे बोलून दाखवायचं कधी सोडलं नाही. “साऱ्या दुनियेच्या चरात निजायला टाइम हाय, माझ्याशेजारी एक फोटू नाय,” असं ती भाकरी थापताना म्हणायची आणि भाकरीवर जरा जास्तच जोर काढायची.

असो. वाडीतला मधला बांध हा सगळ्या फोटोंचा मूळपुरुष. त्यामुळे दर काही वर्षांनी कोणी तरी येऊन त्याचा पुन्हा फोटो काढायचंच. केलेलं काम टिकलंय का, हे वर दाखवायचं असायचं. साहेब येणार असा निरोप आला की वाडीत लगबग. आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की अंगण सारवतात, मग बांधाचा फोटो निघणार म्हटल्यावर बांध तसाच गबाळा कसा ठेवायचा? सावळाराम खालून फावडं घेऊन चढायचा, महिपत वरून. गवत, मुळ्या, रानटी झुडपं सगळं तासून लाल माती उघडी पडेपर्यंत कड गुळगुळीत करायची. मग भागीरथी आणि महिपतची बायको काशी ओल्या चिखलाचा हात फिरवायच्या. कोणाची बाजू जास्त चकचकीत, यावरून दोघा भावांत चुरस. साहेब बघून म्हणायचा, वा, बांध असावा तर असा. आणि सावळाराम त्यावर आडवा पडायचा.

आणि मग गेल्या श्रावणात तो बांध गेला.

लावणी आटोपली होती, रोपं धरली होती. दोन दिवस झड लागली, तिसऱ्या दिवशी सकाळी महिपत बघतो तर बांधाला मधोमध खिंडार आणि त्याचं खाचर रोपांसकट, चिखलासकट खाली सावळारामच्या खाचरात. वरच्या खाचराची हाडं उघडी पडली. खालचं कमरेइतक्या गाळात गाडलं गेलं. एकाचं गेलं म्हणून गेलं आणि दुसऱ्याचं आलं म्हणून गेलं. त्या वर्षी दोन्ही घरांत विकतचा तांदूळ शिजला आणि दोन्ही घरांत तो घशाखाली उतरेना.

बांध पुन्हा घालायला काय लागतं? दगड, माती आणि चार हात. चारही हात होते. पण बांधाला जागा लागते, आणि जागा कोणी सोडायची यावर गाडं अडलं. महिपत म्हणे, बांध खालून कोरत कोरत सावळ्याने आपलं खाचर वाढवलं, म्हणून बांध बारीक झाला, म्हणून फुटला. जागा त्याने सोडावी. सावळाराम म्हणे, वरून कोरला तो महिप्याने, त्याने सोडावी. पंच बसले आणि उठले. मोजणीवाला आला, त्याने सांगितलं की हद्द बांधाच्या मध्यावर आहे. बांधाचा मध्य कुठे, विचारलं तर म्हणाला, बांध कुठे होता ते तुम्ही सांगा. त्याला चहा पाजून परत पाठवला.

तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलेनात. म्हणजे बोलायचे, पण बैलाशी. महिपत आपल्या बैलाच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने म्हणायचा, “चोराच्या शेजारी राहावं लागतं रे बाबा तुला.” सावळाराम भिंतीपलीकडून आपल्या बैलाला सांगायचा, “ऐकलंस का रे, चोर कसा वरडतोय.” बैल बिचारे दोघांचे ऐकून घ्यायचे. काशी आणि भागीरथी मात्र विहिरीवर नेहमीसारख्या बोलत होत्या, कारण कोणाला तरी घर चालवायचं होतंच.

माघ गेला, फाल्गुन गेला. सावळारामला झोप लागेना. पुढच्या पावसाआधी बांध उभा राहिला नाही, तर उरलीसुरली मातीही जाणार आणि खाली नुसता मुरूम राहणार. बापाने उन्हाळाभर खपून केलेलं खाचर आपल्या हयातीत खडक होणार. हे त्याला कळत होतं. महिपतलाही कळत होतं. पण आधी कोण बोलणार?

अशात स्नेहल आली. स्नेहल मुरबाडच्या एका कॉलेजात शिकवते. जुने फोटो गोळा करायचा तिला नाद. कुठल्या तरी जुन्या ट्रंकेत तिला माती-पाण्याच्या कामांचे फोटो सापडले आणि ते बघता बघता ती चक्रावली. गावं वेगळी, सालं वेगळी, कामं वेगळी, पण माणूस तोच. कधी उभा, कधी आडवा, कधी गळ्याएवढ्या पाण्यात. तिला आधी वाटलं, ही सख्ख्या भावंडांची मोठी फौज असावी. विचारत विचारत ती वाडीत पोचली आणि सावळारामला बघून तिने त्याच्या पायांनाच हात लावला.

“बाबा, शहापूरला या फोटोंचं प्रदर्शन लावतेय,” ती म्हणाली. “तुम्हीच पाहुणे. तुम्ही नुसतं यायचं.”

“निजायला लागंल काय?” सावळारामने विचारलं.

“नाही हो. उभं राहायचं.”

“मंग येतो.”

शहापूरच्या हॉलमध्ये ते प्रदर्शन लागलं, तेव्हा सावळाराम धुतलेलं धोतर नेसून गेला, भागीरथी त्याच्या मागे. त्याच एसटीत मागच्या बाकावर महिपतही होता, खिडकीबाहेर तोंड करून. चुलतभावाचे इतके फोटो लागणार म्हटल्यावर न जाऊन चालतंय कुठे? एकटं घरी बसून जळण्यापेक्षा समोर उभं राहून जळलेलं बरं.

हॉलमध्ये भिंतभर सावळाराम. लोक फोटो बघायचे, मग त्याला बघायचे, मग पुन्हा फोटो. मुरबाडकडच्या एका म्हाताऱ्याने तर त्याला हाताला धरून भिंतीपाशी नेलं, उभं केलं आणि आपल्या गावच्या बंधाऱ्याच्या फोटोशी ताडून बघितलं. “आमच्या बंधाऱ्याचं अर्धं काम खाल्लं की काय, बघतो,” म्हणाला. सावळाराम श्वास रोखून ताठ उभा राहिला. म्हाताऱ्याचं समाधान झालं. मग तसे आणखी चार जण आले. भागीरथीने पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की लाजत होती, कोण जाणे.

समोरच्या भिंतीवर सगळ्यांत मोठा तो पहिला फोटो होता. विशीतला पोरगा, तोंडावर टॉवेल, बांधावर आडवा. सावळाराम त्यापुढे थांबला. बाकी सगळे त्या पोराकडे बघत होते, तो बांधाकडे बघत होता. केवढा होता बांध. कडेला हिरवंगार गवत, मधे गाडीची चाकोरी, आणि रुंदी बरोबर त्याच्या डोक्यापासून टाचांपर्यंत. डोक्यापासून हातभर पुढे महिपतच्या खाचरातला काळा कातळ.

“हा बघा पुरावा,” सावळाराम म्हणाला.

“पुरावाच,” मागून आवाज आला. महिपत होता. कितीतरी महिन्यांनी दोघांचं कशावर तरी एकमत झालं होतं, आणि मधे बैल नव्हता.

स्नेहलने भांडण ऐकून घेतलं आणि सोपा तोडगा काढला. कातळ तर जागचा हललेला नाही ना? मग बांधाचा जो भाग अजून उभा आहे, त्यावर बाबांना पहिल्यासारखं निजवायचं, डोकं कातळापासून तेवढंच लांब. डोकं बाहेर आलं तर वरून कोरलाय, पाय बाहेर आले तर खालून कोरलाय. मी नवा फोटोही काढीन, जुन्याशेजारी लावायला. हे सगळ्यांना पटलं. असल्या गोष्टी आपल्याला लगेच पटतात.

चैत्रातल्या एका सकाळी अख्खी वाडी बांधावर. काशीने कातळापासून दोरी धरली. सावळारामने देवाला नमस्कार करावा तसा पूर्वेला नमस्कार केला आणि उरलेल्या बांधावर आडवा पडला.

बांध त्याच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत होता. डोकं महिपतच्या खाचरावर लोंबत होतं. पाय गुडघ्यांपासून त्याच्याच खाचरावर लोंबत होते.

“पाय बघा,” महिपत म्हणाला. “पाय कुणाच्या बाजूला लोंबतात ते बघा.”

“पाय नको बघू, डोस्कं बघ,” सावळाराम लोंबत्या डोक्याने म्हणाला. आवाज जरा घुसमटलेला येत होता. “डोस्कं तुझ्या खाचरात हाय.”

“पाय लांब की डोस्कं लांब?”

“मोलाचं काय हाय, पाय की डोस्कं?”

यावर पंचांपैकी एकाला विचार पडला. मानेसकट मोजायचं की बिनमानेचं? एक म्हणाला, पाय जास्त बाहेर, म्हणजे खालचा दोषी. दुसरा म्हणाला, पण डोक्याला वजन जास्त. सावळारामच्या तोंडाला रक्त उतरून तो जांभळा झाला होता, तरी हलत नव्हता. सांगितलं होतं ना, हलायचं नाही.

“थांबा, थांबा,” स्नेहल म्हणाली, “आधी फोटो काढू दे.” आणि तिने कॅमेरा वर केला.

फोटो हा शब्द कानावर पडला मात्र, सावळाराम उठून बसला. इकडेतिकडे बघून त्याने बांधाला टेकवलेलं फावडं उचललं आणि खाली उतरून बांधाची कड तासायला लागला. वरून महिपतनेही फावडं घेतलं आणि तोही लागला. गवत उडायला लागलं, मुळ्या तुटायला लागल्या. भागीरथी सवयीने घमेलं घेऊन पाणी आणायला निघाली. सगळं कसं वर्षानुवर्षं शिकवल्यासारखं. वाडीतल्या कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

“अहो, काय करताय?” स्नेहलने विचारलं.

महिपतने वरून तिच्याकडे बघितलं, जशी काही पोरगी शहरातून आली आणि तिला काहीच कळत नाही. “फोटू हाय ना मॅडम? मंग बांध तासायला नको? असा गबाळा बांध फोटूत बरा दिसंल का?”

“प्रत्येक वेळी तासता?”

“मंग?” सावळाराम खालून म्हणाला. “आमची बाजू कायम चकाचक. विचारा कुणालाबी.”

बोलता बोलता त्याने फावडं आणखी एकदा मारलं आणि सुपाएवढं ढेकूळ सुटून त्याच्या पायाशी पडलं. त्याने ढेकळाकडे बघितलं. वर महिपतच्या फावड्याकडे बघितलं. महिपतच्या फावड्यावरही तेवढीच माती होती.

स्नेहलने पिशवीतून या बांधाचे सगळे फोटो काढले आणि पहिल्यापासून ओळीने गवतावर मांडले. पहिल्या फोटोत बांधावर गवत होतं आणि सावळाराम पुरेपूर मावला होता. दुसऱ्यात बांध तासलेला, लाल, आणि सावळारामच्या टाचा बाहेर. तिसऱ्यात घोटे आणि डोक्यावरचा टॉवेल. चौथ्यात पोटऱ्या आणि कपाळ. पुढे पुढे तर तो आखूड खाटेवर निजल्यासारखा दिसत होता. दर फोटोत बांध अगदी चकचकीत, दोन्ही बाजूंनी, आणि दर फोटोत आधीपेक्षा बारीक. साहेबांनी फोटो बघितले होते, पंचांनी बघितले होते, शहापुरात लोकांनी गर्दी करून बघितले होते. पण बघताना सगळे सावळारामकडे बघत होते.

“चोर शोधत होता ना?” भागीरथी घमेलं खाली ठेवून म्हणाली. “घ्या चोर. दोन फावडी आन् आमी दोघी लिपणाऱ्या. बांध राखला, फोटू काढला, आन् फोटूपायी बांधच खाल्ला.” मग ती तिथेच बसली आणि पोट धरून हसायला लागली. काशीला आधी राग आला, मग तीही बसली. बायका हसायला लागल्यावर पंचांनी काढता पाय घेतला. त्यांना आता काही काम उरलं नव्हतं.

सावळारामला हसू येत नव्हतं. आयुष्यभर ज्या गोष्टींचा त्याने तोरा मिरवला त्या याच दोन होत्या. एक तो फोटोतला माणूस, आणि एक त्याची चकाचक बाजू. दोन्ही मिळून बापाचा बांध गेला होता. आणि यात महिपतचा दोष त्याच्याइतकाच होता, बोटभर जास्त नाही. इतके महिने बैलाला जे जे सांगितलं ते सगळं त्याला आठवलं आणि त्याला बैलाची शरम वाटली.

“महिपत,” तो म्हणाला, “दगड कुठून आणायचे?”

महिपतने फावडं खांद्यावर घेतलं. “वड्यातनं,” तो म्हणाला. “गाडी मी जुंपतो.”

मग काम सुरू झालं. ओढ्यातले दगड, गाळात गेलेली माती परत वर. माती कोणाची हा प्रश्न निघालाच नाही, कारण ती महिपतची होती आणि सावळारामच्या खाचरात होती आणि चालली होती दोघांच्या मधे. खिंडार बुजलं. मग आला रुंदीचा प्रश्न. कोणी फीत आणू का म्हणून विचारलं, तर दोघे भाऊ त्याच्याकडे अशा नजरेने बघायला लागले की तो गप्प बसला. या बांधाचं माप ठरलेलं होतं. सावळाराम आडवा पडला.

डोकं लोंबत होतं. महिपतने खाचरात गुडघे टेकले आणि ते डोकं दोन्ही तळव्यांवर धरलं, म्हणजे मान अवघडणार नाही. काशीने खालून माती लोटली. पलीकडे भागीरथी पायांखाली दगड रचत होती. दोन्हीकडून माती चढत चढत आली, ठोकली, पुन्हा चढली. दर थोड्या वेळाने महिपत विचारायचा, “मान दुखते काय?” आणि सावळाराम म्हणायचा, “नाय.” एवढंच त्यांचं बोलणं. पण ते मधे बैल न ठेवता होतं.

असं तीन-चार सकाळी चाललं. शेवटी एका सकाळी सावळारामच्या टाचा टेकल्या. मग महिपतने हात हळूच काढून घेतले आणि डोकंही टेकलं. बांध पुरा झाला होता. एक सावळाराम, बरोबर. भागीरथीने हात धुतले. स्नेहल त्या दिवशी आली होती, तिनेही टाळ्या वाजवल्या. सावळाराम उठायला लागला.

“पडून राहा,” महिपत म्हणाला. “बांध कमी हाय.”

“कमी कसा? डोस्कं टेकलंय की.”

“बांध नाय कमी. तू कमी हायस.”

सावळाराम आडवा पडूनच त्याच्याकडे बघत राहिला. महिपत त्याच्या डोक्याशी उकिडवा बसला होता आणि त्याच्याकडे न बघता मातीकडे बघत बोलत होता.

“पह्यला माझ्या दारातनं आत येताना तुला वाकायला लागायचं. टॉवेल पडायचा तुझा, दर बारीला. मंग वाकायला लागंनासं झालं. मी म्हटलं, चौकट वर गेली का काय. औंदा तर तू आला नायस घरात, पण बांधावरनं जायचास ते मी ओट्यावरनं बघायचो. धोतर तुझं टाचंखाली यायला लागलंय. तू आखडलास सावळ्या. जुना बांध जेवढा व्हता, तेवढा तू आता नायस.”

भागीरथीने नवऱ्याकडे असं बघितलं, जसं ती त्याला चरात पहिल्यांदा बघत होती. ती रोज त्याच्याशेजारी होती आणि तिला हे दिसलं नव्हतं. सरकारच्या मापात तर तो अजून तेवढाच होता. त्याच्या खुद्द डोक्यात तो अजून तेवढाच होता. ज्याच्याशी इतके महिने बोलणं नव्हतं, त्या माणसाने ओट्यावर बसून त्याची उंची राखून ठेवली होती.

महिपतने डोक्याजवळ, आपल्या खाचराच्या बाजूला, हाताची चार बोटं आडवी लावली. थोडा विचार केला. मग पाचवंही लावलं.

“एवढं माझ्याकडनं,” तो म्हणाला आणि आपल्या खाचरात फावडं रोवून माती उचलली.

बोट बोट जमिनीसाठी ज्याने पंच बसवले, मोजणीवाला आणला, तो माणूस आपल्या खाचराची कड स्वतः आत घेत होता, आणि तीही कशासाठी, तर चुलतभाऊ म्हातारा झाला म्हणून. सावळारामला रडू आलं, आणि आडव्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी गालावर येत नाही, ते दोन्ही बाजूंनी कानांत उतरतं. त्याने ते उतरू दिलं. पुसायला हात उचलला असता, तर महिपतला दिसलं असतं. आणि महिपतलाही या क्षणी कोणी आपल्याकडे बघायला नको होतं. तो खाली मान घालून सावळारामच्या डोक्यापलीकडे माती टाकत होता आणि तळव्याने थापत होता.